आधी दिशा, मग क्रिया : कवायतीच्या शब्दांविषयी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला मराठी शिकवले नाही. त्यांनी मला कवायत शिकवली. मी पुढे आयुष्यभर मराठी शिकवले, व्याकरणावर प्रबंध लिहिला, आणि निवृत्तीनंतर मागे वळून पाहताना माझ्या ध्यानात आले की व्याकरणाचा पहिला धडा मला वर्गात नव्हे, मैलूरच्या पटांगणावर मिळाला होता. म्हणून संस्थेने विषय विचारला तेव्हा मी कवितेचा किंवा कादंबरीचा विषय न सांगता कवायतीचा सांगितला. मराठीच्या प्राध्यापकाने हे काय आरंभले, असे कोणाला वाटले असेल, तर थोडा धीर धरावा.

प्रथम शब्दच पाहू. ‘कवायत’ हा शब्द आपण अरबीतून, फारसी-उर्दूच्या वाटेने घेतला. मूळ शब्द ‘कवाइद’. ‘काइदा’ म्हणजे नियम, आणि त्याचे अनेकवचन ‘कवाइद’. आपला ‘कायदा’ आणि आपली ‘कवायत’ ही एकाच घरची भावंडे. गंमत अशी की उर्दूत ‘कवाइद’ म्हणजे सैनिकांची कवायतही आणि भाषेचे व्याकरणही. निजामाच्या राजवटीत उर्दू माध्यमातून शिकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे सांगावे लागत नसे. गुरुजीही त्याच पिढीचे. ते म्हणत, “व्याकरण चुकलं तर गुण जातात, कवायत चुकली तर डोकी फुटतात.” हे वाक्य विनोदाचे नव्हते, हे मला पुढे कळले. ती हकीकत नंतर सांगतो. आधी भाल्याकडे वळू.

ज्या काळी पायदळाचे मुख्य हत्यार भाला होते, त्या काळी कवायत हा शोभेचा प्रकार नव्हता. तलवारवाला एकटा लढू शकतो. लांब भाला घेतलेला माणूस एकटा असला तर जवळजवळ निरुपयोगी असतो; पण शंभर जण खांद्याला खांदा लावून उभे राहिले, की त्यांच्यापुढे घोडदळ थबकते. मॅसिडोनियाच्या फळीतल्या भाल्याचे वर्णन इतिहासकार पॉलिबियसने केले आहे. भाला चौदा हात लांब. ‘हात’ हे माप त्यांचे आणि आपले एकच, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. त्यातला दहा हात भाग धरणाऱ्याच्या पुढे येई. त्यामुळे पहिल्या रांगेतल्या प्रत्येक शिपायापुढे त्याच्या स्वतःच्या भाल्यासह पाच रांगांची पाती निघालेली असत. फळीची खोली साधारण सोळा माणसांची. मागच्या रांगांचे भाले पुढे पोचत नसत, म्हणून ते पुढच्यांच्या डोक्यावरून तिरपे वर धरीत, आणि वरून येणारे बाण त्या काठ्यांच्या रानात अडत. आता कल्पना करा : अशा दाटीत एकाने चुकीच्या दिशेला वळायचे ठरवले तर? चौदा हातांची काठी घेऊन माणूस वळतो तेव्हा तो एकटा वळत नाही. आजूबाजूच्या दहा जणांना तो आडवा करतो.

म्हणूनच आज्ञा कशी द्यावी याचा विचार त्या लोकांनी व्याकरणकाराच्या काटेकोरपणाने केला. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला अस्क्लेपियोडोटस आणि त्यानंतर रोमन सम्राटांच्या काळातला ईलियन या दोघांचे युद्धरचनेवरचे ग्रीक ग्रंथ उपलब्ध आहेत. त्यांत आज्ञांविषयी एक लहानसा पण फार मोलाचा भाग आहे. आज्ञा थोडक्यात असावी आणि तिचे दोन अर्थ निघू नयेत, हे तर कोणीही सांगेल. पण ते पुढे जातात आणि म्हणतात, की विशेष शब्द आधी उच्चारावा आणि सामान्य शब्द नंतर. ‘वळ’ हा सामान्य शब्द. तो उजवीकडेही लागू पडतो, डावीकडेही. तो आधी उच्चारला, तर उतावळे शिपाई दिशा ऐकण्याच्या आतच वळू लागतात, कोणी इकडे, कोणी तिकडे. म्हणून दिशा आधी आणि क्रिया नंतर.

त्यांचे दिशांचे शब्दही ऐकण्यासारखे आहेत. भाला उजव्या हातात आणि ढाल डाव्या. त्यामुळे उजवीकडे वळायचे असेल तर ते म्हणत, ‘भाल्याकडे वळ’. डावीकडे वळायचे असेल तर ‘ढालीकडे वळ’. गोंधळलेल्या माणसाला उजवेडावे क्षणभर सुचत नाही, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. पण हातात काय आहे हे मात्र तो विसरत नाही. याखेरीज ‘भाले वर’, ‘भाले खाली’ अशा आज्ञा होत्या, आणि सर्वांच्या आधीची आज्ञा होती ती शांततेची : गप्प राहा आणि आज्ञेकडे लक्ष द्या. आपले ‘सावधान’ किंवा ‘दक्ष’ हेच करते. आवाज पोचणार नाही तेथे निशाण, आणि धुळीत निशाणही दिसणार नाही तेथे तुतारी, अशी तिहेरी योजनाही त्यांनी सांगितली आहे.

आता मराठीच्या अभ्यासकाला येथे आनंद का व्हावा, ते सांगतो. इंग्रजाला रोजच्या बोलण्यात ‘वळ उजवीकडे’ या क्रमाने बोलण्याची सवय आहे. कवायतीच्या मैदानावर त्याला आपल्या भाषेचा क्रम उलटावा लागतो. मराठीला काहीच उलटावे लागत नाही. आपले क्रियापद स्वभावतःच वाक्याच्या शेवटी येते. ‘उजवीकडे वळ’ हे आपले घरचेच वाक्य. हिंदीत ‘दाहिने मुड़’, कन्नडात ‘बलक्के तिरुगु’. या मैलूरच्या आसपास ज्या भाषा बोलल्या जातात, त्या मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या सर्वांत क्रियापद शेवटी येते. भाषाशास्त्रज्ञ यांची दोन वेगळी कुळे मानतात. पण पटांगणावर त्या एकाच रांगेत उभ्या राहतात.

आणखी एक गोष्ट. समोर शंभर जण उभे असतात, तरी आज्ञा ‘वळा’ अशी नसते, ‘वळ’ अशी एकवचनी असते. ग्रीक आज्ञेतही वळण्याचे क्रियापद एकवचनीच आहे. याचे एक कारण उच्चाराचे आहे. पूर्वसूचनेचा भाग लांबवता येतो, ‘उजवीकडेऽऽ’ असा. त्या अवधीत ऐकणारा तयार होतो. मग क्रियेचा शब्द एका ठोक्यात तुटला पाहिजे : ‘वळ’, ‘थांब’, ‘चल’. शेवटी स्वर आला की आज्ञा ओघळते. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. रांगेला उद्देशून बोलताना शंभर माणसे ही व्याकरणाच्या दृष्टीने एक व्यक्ती होतात. तेथे ‘आपण’ नाही, ‘तुम्ही’ नाही. तहसीलदाराचा मुलगाही ‘तू’ आणि शेतमजुराचाही ‘तू’. आमच्या लहानपणी गावात कोण कोणाला ‘अहो’ म्हणेल हे जातीवर आणि जमिनीवर ठरत असे. पटांगणावर तेवढा अर्धा तास ते ठरत नसे. हे समतेचे शिक्षण होते की आज्ञाधारकपणाचे, हा प्रश्न मी मुद्दाम बाजूला ठेवतो. त्याच्याकडेच मला शेवटी यायचे आहे.

आपल्याकडच्या भाल्याची परंपराही लहान नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या प्रकरणात शक्ती, प्रास, कुंत, शूल, तोमर अशी टोकदार शस्त्रांची मोठी यादी येते. आणि व्यूहाच्या प्रकरणात पायदळ, घोडे, रथ, हत्ती यांनी एकमेकांत किती अंतर ठेवावे याची मापे येतात. अंतर ठरवून उभे राहणे ही कवायतीची पहिली पायरी. १५ व्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला आला. कोकणातल्या सरदारांचे पाईक त्याने पाहिले : कमरेला वस्त्र, अंग उघडे, पाय अनवाणी, कोणाच्या हाती ढाल-तलवार, कोणाच्या हाती भाला, कोणाच्या हाती धनुष्य. त्यानेच पुढे बीदरच्या सुलतानाच्या स्वारीचा थाट लिहून ठेवला. आपल्या किल्ल्याच्या दरवाज्यातून ती स्वारी बाहेर पडताना त्याने पाहिली, हे येथील विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

शिवकालीन पायदळाची बांधणी सभासदाने नोंदवली आहे. नऊ पाइकांवर एक नाईक, पाच नाईकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, आणि सर्वांवर सरनौबत. या शेवटच्या शब्दात ‘नौबत’ आहे, म्हणजे नगारा. महाराजांच्या निकट असणाऱ्या पाइकांत बंदूकवाले होते, तसेच ‘इटेकरी’ किंवा ‘विटेकरी’ होते. इटा अथवा विटा म्हणजे भाल्याचाच एक प्रकार. त्याला दोरी बांधून ती मनगटाशी अडकवीत, म्हणजे फेकलेला भाला परत ओढता येई. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत तो आजही पाहायला मिळतो. आता आपल्या शेजारी कान द्या : कन्नडात भाल्याला ‘ईटि’ म्हणतात, तेलुगूत ‘ईटे’, तमिळमध्ये ‘ईट्टि’. आपला इटा याच शेजारातला आहे असे मला वाटते. राज्यव्यवहारकोशात रघुनाथपंडितांनी फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द बसवले. त्यात शस्त्रांचा आणि चतुरंग सेनेचा स्वतंत्र वर्ग आहे. तो प्रयत्न थोरच. पण पाइकाच्या तोंडी भाला, इटा, बर्ची, सांग, नेजा असे देशी-परदेशी सारेच शब्द नांदत राहिले. हत्यार जेथून येते तेथून शब्दही येतो.

पुढे युरोपची कवायत आली. १५९४ साली नासाऊच्या विल्यम लुईने ईलियनचा ग्रंथ वाचून आपला चुलतभाऊ मॉरिस याला पत्र लिहिले आणि रांगांच्या मागेपुढे फिरण्याची रीत सुचवली. १६०७ साली याकोब द गेन याने चित्रांचे पुस्तक काढले. त्यात लांब भाला हाताळण्याच्या ३२ अवस्था आहेत आणि प्रत्येकीची आज्ञा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस बंदुकीलाच संगीन बसू लागली. बंदूक हीच भाला झाली आणि भालाईत नाहीसा झाला, पण त्याची कवायत उरली. तीच कवायत फ्रेंचांबरोबर दख्खनेत आली. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी आधी निजामाकडे होता, मग पेशव्यांकडे आला. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला तेव्हा तो मराठ्यांच्या बाजूने होता, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्याच्या पलटणी अखेरपर्यंत लढल्या. हे उदगीर १९५६ पर्यंत आपल्याच बीदर जिल्ह्यात होते. ‘गारदी’, ‘पलटण’, ‘कंपू’ हे शब्द त्या वाटेने आले. पहारेकऱ्याचे ‘हुकुमदार’ हे इंग्रजी प्रश्नाचे आपल्या शिपायांनी केलेले नामकरण. अर्थ कळला नाही, पण दरारा कळला.

पण कवायत केवळ सैन्याची नसते, हे महाराष्ट्राइतके कोणाला कळले असेल असे वाटत नाही. आळंदीच्या पालखी सोहळ्याला आजची घडी बसवली ती हैबतबाबा आरफळकरांनी. ते शिंद्यांच्या पदरी चाकरी केलेले. दिंड्यांचा क्रम, प्रत्येकीची ठरलेली जागा, रथाच्या पुढच्या आणि मागच्या दिंड्या, ही सारी रचना लष्करी शिस्तीची. समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंच करतो आणि क्षणात हजारो टाळ थांबतात. ग्रीक ग्रंथातली ‘गप्प राहा आणि लक्ष द्या’ ही आज्ञा मी तेथे एकही शब्द न उच्चारता पाळलेली पाहिली आहे. इकडे बीदर-उदगीर रस्त्यावर खानापूरचा मैलार आहे. तेथे ‘येळकोट’ची आरोळी उठते. हा ‘येळकोट’ म्हणजे कन्नड ‘एळु कोटि’, सात कोटी, देवाच्या सेनेची संख्या. मराठी माणूस कन्नड शब्दाने आपल्या देवाला हाक मारतो आणि त्याला ते परके वाटत नाही. सीमाभागातल्या भांडणांत हे विसरू नये, एवढेच.

विसाव्या शतकात बडोद्याच्या प्रोफेसर माणिकरावांनी संघव्यायामासाठी देशी भाषेतल्या आज्ञा रुजवल्या. अमरावतीला १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले. बडोद्याच्याच आबासाहेब मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीला दिले. आमच्या गुरुजींच्या पिढीच्या शिक्षकांना ही शिदोरी होती. गुरुजींनी कवायत उर्दू शब्दांत शिकून मराठी आणि हिंदी शब्दांत शिकवली, आणि १९५६ नंतर कन्नड शाळांच्या मुलांनाही ते बोलावले की जाऊन शिकवीत.

आता ती हकीकत. १९६३ साल असेल. मी आठवीत होतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी चोवीस मुलांचे भालाईत पथक करायचे ठरले. आठ-आठ फुटांचे बांबू, टोकाला बेगड चिकटवलेली पुठ्ठ्याची पाती. माझा आवाज मोठा, म्हणून आज्ञा देण्याचे काम माझ्याकडे. गुरुजी त्या दिवशी दुसऱ्या कामात होते. आम्ही तालीम करीत होतो, पथक कुंपणाच्या भिंतीकडे चालले होते, आणि मी घाईने ओरडलो, “वळ! उजवीकडे!” पुढच्या रांगेतले काही ‘वळ’ ऐकताच डावीकडे फिरले, काही उजवीकडे. बांबू बांबूंत अडकले. एकाचा बांबू मागे सटकला आणि माझ्या वर्गमित्राच्या भुवईवर बसला. बोटभर खाली बसता तर डोळा गेला असता. तीन टाके पडले.

गुरुजी आले, तेव्हा मी म्हणालो, “गुरुजी, त्यांनी नीट ऐकलं नाही.” ते मला मारतील असे वाटले होते. ते म्हणाले, “ज्यांनी ऐकलं त्यांचं काही चुकलं नाही. तू सांगितलंस तसंच ते वागले. चूक सांगणाऱ्याची.” संध्याकाळी ते मला त्या मित्राच्या घरी घेऊन गेले. त्याच्या आईपुढे त्यांनी स्वतः आधी हात जोडले, म्हणाले, “काकू, पोरांच्या हाती काठ्या देऊन मी जायला नको होतं.” मग मला पुढे केले. दुसऱ्या दिवशी रिकाम्या पटांगणावर त्यांनी माझ्याकडून पन्नास वेळा ‘उजवीकडे वळ’ म्हणवून घेतले. आणि त्यानंतर शंभर वेळा ‘थांब’.

‘थांब’ दुप्पट का, हे मी विचारले. तेव्हा ते पटांगणाच्या कडेला बसले आणि १९४८ विषयी बोलले. ते तेव्हा तरुण होते. रझाकारांची पथके हाती भाले, तलवारी, बंदुका घेऊन गावांतून संचलन करीत जाताना त्यांनी पाहिली होती. पावले सुरेख जुळत, असे ते म्हणाले. आणि तीच पावले पुढे कोणत्या दारांपाशी जाऊन थांबली, हेही त्यांनी पाहिले होते. १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत पोलीस कारवाई झाली आणि ती राजवट संपली. मग दुसऱ्यांच्या हाती भाले आले, आणि ज्यांचा काही अपराध नव्हता अशी मुसलमान घरेही उद्ध्वस्त झाली. त्या वर्षाच्या अखेरीस पंडित सुंदरलाल समिती या भागात फिरली. सर्वाधिक झळ बसलेले म्हणून तिने जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा यांच्याबरोबर आपले बीदर आहे. तो अहवाल अनेक वर्षे लोकांपुढे आला नाही. पण गुरुजींना अहवालाची गरज नव्हती. ते एवढेच म्हणाले, “दोन्ही वेळेला ‘चल’ म्हणणारे पुष्कळ होते. ‘थांब’ म्हणणारा कोणी नव्हता. म्हणून मी पोरांना आधी थांबायला शिकवतो.”

त्यांच्या शिकवण्याचा क्रम तसाच होता, हे येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. पहिले दोन आठवडे कोणालाही चालू देत नसत. दोन पावले टाकायची आणि ‘थांब’. पाऊल जमिनीला लागत असतानाच तो शब्द आला पाहिजे, म्हणजे पुढचे पाऊल अडखळत नाही. ज्याला नेमक्या क्षणी थांबवता येत नाही, त्याने चालवू नये, हा त्यांचा नियम. आमच्या पथकातल्या बांबूंचे बेगडी टोक ते नेहमी आकाशाकडे ठेवायला लावीत. समोर रोखण्याची आज्ञा त्यांनी आम्हाला कधीच शिकवली नाही.

मघाशी बाजूला ठेवलेल्या प्रश्नाकडे आता येतो. कवायत समता शिकवते की केवळ आज्ञाधारकपणा? माझे उत्तर असे, की ते आज्ञा देणाऱ्याच्या भाषेवर ठरते. व्याकरण कोणालाही वापरता येते. त्याने प्रार्थना लिहिता येते आणि धमकीही. पण ज्या व्याकरणात दिशा आधी सांगावी लागते, त्यात ऐकणाऱ्याला तयारीचा एक क्षण मिळतो. कुठे वळायचे आहे हे वळण्यापूर्वी त्याला कळते. तो क्षण म्हणजे त्याच्या माणूसपणाची राखलेली जागा. जे पुढारी, जे सभासंमेलनांचे वक्ते, आधी ‘चला’ म्हणतात आणि कुठे ते नंतर सांगू म्हणतात, त्यांच्या रांगेत बांबू कोणाच्या तरी डोळ्याला लागणारच. आणि मग ते म्हणणार, लोकांनी नीट ऐकले नाही.

माझ्या त्या वर्गमित्राच्या भुवईवरची खूण आयुष्यभर राहिली. भेटला की तो स्वतःच तिच्यावर बोट ठेवून हसत म्हणे, “आधी दिशा सांग.” माझ्या प्रबंधाच्या परीक्षकांनी मला वाक्यरचनेवर पुष्कळ प्रश्न विचारले, पण इतक्या थोडक्यात उत्तर कोणी दिले नाही.

विद्यार्थी मित्रहो, उद्या तुम्ही कोणी वर्गनायक व्हाल, कोणी शिक्षक, कोणी अधिकारी. तुमच्या एका शब्दावर काही माणसे वळतील. तो शब्द उच्चारण्यापूर्वी दिशा सांगा, आणि ‘थांब’ हा शब्द नेहमी तोंडाशी ठेवा. गुरुजींच्या स्मृतीला याहून वेगळी आदरांजली मला सुचत नाही.